पलटणीचा तुर्क

आखातात, हवल्लीत त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, गाव रत्नागिरीकडचं. नव्वदच्या दशकात आम्ही काही मराठी माणसं, पहिल्या महायुद्धात इराकात लढलेल्या आपल्या पायदळ पलटणीची लढाई दर हिवाळ्यात हौसेनं उभी करायचो. तो उंच, गोरा, म्हणून शत्रूकडचा तुर्क नेहमी तोच. मरायचाही झकास.

एका वर्षी तो खाकी गणवेश शिवून घेऊन आला.

"भाऊ, माझा पणजा याच पलटणीत होता. बसऱ्याहून परतलाच नाही. या खेपेला मला आपल्याकडनं लढू द्या."

तुर्क व्हायला कुणीच पुढे येईना. शेवटी तुर्काची ती लाल टोपी मीच घातली.

लढाई संपली, पलटण सलामीला उभी राहिली. एरवी तेव्हा तो वाळूत पडलेला असायचा. आज तिथं मी पडलो होतो आणि खालून मला दिसत होतं, बाकीच्यांनी हात खाली घेतले तरी त्याची सलामी तशीच होती.