हात वेळेवर वर झाला होता

हे आजवर कोणाच्या कानी घातलं नाही. बायकोच्या, सरूच्याही नाही — आणि वेळ तर होती. शेवटचं आम्ही दोघं अंगणात अंबाडी खुडत बसलो होतो. मी पानं खुडायचो, ती माझ्या टोपलीतले देठ वेचून फेकायची. "तुमाले काही दिसते का हो?" म्हणाली. मग भावावर आली. भाऊबीज जवळ आली की यायचीच. "येवढ्याशा खेळापायी बहीण सोडली त्यानं. मनाचा कोताच तो."

मी खुडत राहिलो. काय सांगणार होतो — की कोता तो नव्हता?

बावीस वर्षं झाली. आमच्या गावात आट्यापाट्यांचा डाव, अमडापूरच्या गड्यांशी. मी पंच. चार बुकं शिकलेला, आवाज मोठा, म्हणून मी. सरूचा भाऊ गणपत अमडापूरकडून शेवटची पाटी धरून उभा. आमचा गडी साऱ्यांना चुकवत तिथवर गेला. शेवटच्या पाटीपलीकडं पाय टेकवायचा, मगच परत फिरायचं. तो न टेकवताच फिरला.

मी पाहिलं. स्वच्छ पाहिलं. पण आमच्याकडचा नेम असा — पंचानं आपणहून बोलायचं नाही. समोरच्यानं हात वर करून विचारायचं, तेही गडी परत बाहेर पडायच्या आत. नंतर विचारलं तर फेरी खरी.

गणपतनं हात वर केला. आमचा गडी अजून मधल्या पाटीवरच होता. आता तुम्हीच सांगा, यात ठरवायला काय होतं?

मी म्हटलं, "हात उशिरा आला."

"भाऊजी, तुमी माह्याकडंच तर पाहून राह्यले होते!"

गाव हसलं. "रड बे रड!" त्याच्या गावचेही त्याच्यावरच चिडले, हात आधी काऊन नाही केला म्हणून. मला कोणी धमकावलं नव्हतं. आपलं गाव जिंकावं — एवढंच होतं मनात.

तो पुन्हा आमच्या दारी आला नाही. सरू दर भाऊबीजेला ताट करायची, वाट पाहायची, आणि शेवटी चंद्राला ओवाळायची. भाऊ जिता असून. मी बाजूला उभा असायचो. एक वाक्य होतं — कितीसं जड?

अंबाडी खुडून झाली. सरू पाण्याला उठली, दारातच बसली, मग आडवी झाली. दिवस मावळायच्या आत गेली.

सकाळी बायांनी विचारलं, "माहेरचं लुगडं?" सवाष्ण गेली की ते भावानं आणायचं, त्यातच तिला न्यायचं. अमडापूर दोन कोस. कळलं असतं तर गणपत धावत आला असता, हे मला ठाऊक होतं. आला असता तर बोललाही असता — साऱ्यांसमोर, तिच्यासमोर. मी कोणालाच धाडलं नव्हतं.

म्हटलं, "सांगावा धाडला होता. येत नाही म्हणे."

"दगडच हाय माय तो," एक म्हणाली.

मी हो म्हटलं.