पेंढ्यातला प्रबंध

कुठलीही गोष्ट घाईने पिकवता येत नाही, यावर माझ्या रूम पार्टनरइतका ठाम विश्वास मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. त्याचा बाप आशागडच्या वाडीत चिकू उतरवायचा, निवडायचा, खोक्यांत भरायचा. तेव्हा हा विश्वास घरूनच आलेला असणार. नव्वद सालच्या आसपास आम्ही दोघे डहाणू रोडला एका खोलीत राहत होतो. मी एम.ए. करत होतो, तो तलासरीच्या आठवडी बाजारावर पीएच.डी. करत होता. प्रबंधाची लिहून झालेली प्रकरणं तो चिकूच्या लाकडी खोक्यात ठेवी. खाली पेंढा, वर वर्तमानपत्र, त्यावर झाकण. आमचे गुजराती घरमालक शेठ जाता-येता विचारत, "केम मास्तर, पाक्या के?" हा गंभीरपणे सांगे, "दोन पिकली, शेठ. तिसऱ्यात अजून चीक आहे." एकदा ते खोकं त्याने मुंबईला मार्गदर्शक सरांच्या घरी पोचवलं. सर परगावी होते. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, ते चिकूच समजून स्वयंपाकघरात ठेवलं आणि आठवडाभर पिकायची वाट पाहिली. पुढे सरांचं पत्र आलं, "प्रबंध बरा आहे. बाईंसाठी चिकू मात्र पाठव."

तो आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवी. जितके तास घ्याल तितकाच पगार, आणि स्टाफरूममध्ये खुर्ची नाही. मग तो आपलं खोकं मांडून त्यावर बसे. प्राचार्य एकदा म्हणाले, "अहो, हे बरं दिसत नाही."

"मलाही नाही दिसत, सर. खुर्ची आली की खोकं हलवतो."

खुर्ची आली नाही. त्या वर्षी विद्यापीठाने मात्र शुल्क वाढवलं. ठरल्या तारखेला प्रबंध दिला नाही, तर नव्या दराने पुन्हा नोंदणी करावी लागणार होती, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. प्रबंध पुरा झाला होता; फक्त कॉलेजचा दाखला जोडायचा होता. नेमका तेव्हाच वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबणाऱ्या शिपायांनी संप केला, तासिकावाले त्यांच्यासोबत गेले, आणि माझा पार्टनर खोक्यासकट फाटकासमोर जाऊन बसला.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी त्याला समजवायला गेलो. दाखल्यावर प्राचार्यांची सही झालेली होती. शिक्का तेवढा कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली शेजारीच बसलेल्या शिपाईमामांच्या खिशात होती. मामांनीच किल्ली पुढे केली.

"मास्तर, जा ना. पाच मिनटांचा काम. आमी कोन काय बोलनार नाय."

"मामा, शिक्का मारणं कोणाचं काम?"

"माजा."

"तुम्ही संपावर आहात ना? मग तुमचं काम मी कसं करू?"

"अरे, पन तुजी डिग्री जाल ना, येड्या!" मामा उठून उभेच राहिले.

"जाणार नाही. पेंढ्यात आहे."

मी त्याला बरंच बोललो. मूर्ख म्हणालो, बापाच्या कष्टांची आठवण करून दिली. त्याने ऐकून घेतलं आणि खोक्यावर थोडं सरकून मला जागा करून दिली. संध्याकाळपर्यंत मीही तिथेच बसलो होतो.

आठ दिवसांनी संप मिटला. मामा कायम झाले. कामावर येताच त्यांनी सगळ्यात आधी त्या दाखल्यावर शिक्का मारला. विद्यापीठाने अर्थातच तो स्वीकारला नाही. दोन हंगाम पार्टनर सकाळी चिखले गावच्या वाडीत चिकू निवडायला गेला, दुपारी तास घेत राहिला, आणि तिसऱ्या वर्षी नवं शुल्क भरून तोच प्रबंध दिला. "आता गोड झाला असेल," एवढंच म्हणाला.

त्याला जाऊन चार महिने झाले. गेल्या आठवड्यात मी मामांना घेऊन आशागडला त्याच्या घरी गेलो. पीएच.डी.ची पदवी खोक्यात, पेंढ्याखाली सापडली. काच-चौकट नाही, काही नाही. भिंतीवर चौकटीत होता तो दाखला, उशिराच्या तारखेचा, विद्यापीठाने परत पाठवलेला.

मामांना आता नीट दिसत नाही. त्यांनी चौकट खाली उतरवली, उपरण्याने काच पुसली आणि डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली.

"शिक्का तिरपा पडला रं," ते म्हणाले. "घाई केली मी."