उलट्या मास्तरचं उपरणं

"गुडघ्यात पू झाला आहे. उतरला नाही तर पाय मांडीपासून काढावा लागेल," नांदेडच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टरसाहेब म्हणाले. तेही माझ्याकडे बघून नाही, आमच्या ह्यांच्याकडे बघून. जसा काही पाय ह्यांचाच होता!

त्यांनी 'ॲम्प्युटेशन' असा शब्द वापरला. म्हणजे अवयव कापून टाकणं. 'सेप्टिक' असंही म्हणाले, म्हणजे जखमेचं विष अंगात भिनणं. मला एवढंच कळलं की लंगडी नाही, मी पांगळी होणार. लग्नाला चार वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं. एका पायाची सून कोण ठेवून घेतं? मला रेणापूरला माहेरी टाकतील आणि सहा महिन्यांत दुसरी आणतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मला नारू झाला होता. आजच्या पोरांना नारू माहीत नाही, त्यांचं नशीब थोर. पाण्यातून बारीक किडा पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो, मग पायाला फोड येतो आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहेर पडतो. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज जरासाच ओढायचा. महिना लागला तरी घाई करायची नाही, कारण आत तुटला तर सडतो. माझा तुटला नव्हता, तोडला होता. कुणी, ते सांगते. मला कुणाची भीड नाही.

आमचं गाव कंधारपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. निजामाचं राज होतं, चार माणसं जमवून भाषण करायचं तर अमीनाची, म्हणजे पोलीस फौजदाराची, परवानगी लागायची. म्हणून लातूरकडचा एक मास्तर कीर्तन आहे असं सांगून चावडीत उभा राहिला. शाळेतून काढून टाकलेला माणूस. सगळं उलटंच बोलतो म्हणून लोक त्याला उलटा मास्तर म्हणायचे. कुणी त्याच्या पाया पडायचं, कुणी त्याच्यावर शेण फेकायचं, मधलं कुणी नव्हतं.

"नारू हा देवीचा कोप म्हणता?" तो म्हणाला. "देवीला दुसरं काम नाही का? पायाला नारू असलेला माणूस बारवेत उतरतो आणि तेच पाणी तुम्ही पिता. पिणाऱ्यानं काय प्यावं ते बघावं. ज्याचा नारू, त्याचा दोष!" मग खांद्यावरचं लाल-हिरव्या काठाचं उपरणं दुहेरी करून घागरीवर धरलं. "हे असं गाळा."

इथवर सगळं ठीक होतं. पण मेल्याची जीभ कुठं थांबते? पुढं माझे सासरे बसले होते, गावचे मानकरी. त्यांच्याकडे बोट करून म्हणाला, "ह्या पागोट्याखाली डोकं असतं तर मला इथवर यावं लागलं नसतं." सगळी चावडी खो खो हसली. मामंजी उठले, तांबडेलाल झाले होते.

पोरांना मास्तर आवडला. म्हाताऱ्यांनी त्याला शिवेबाहेर घालवला. आमचे हे मला हळूच म्हणाले, "माणूस खरं बोलून राहिलाय," आणि बापासमोर गप्प बसले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या, "सांगितलं बरोबर, पर त्वांड लई घाण."

आता ऐका गंमत. आमच्या घरात पाणी आधीपासूनच गाळत होते! आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून जुन्या धोतराचं फडकं रांजणाला बांधायच्या, काडीकचरा जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मामंजींनी घरी येऊन ते फडकं ओढून चुलीत घातलं. "आजपून या घरात पानी गाळायचं न्हाई. गाळलं तर त्या मुर्दाडाचं खरं झालं." त्यांचं बघून निम्म्या गावानं गाळणं सोडलं. न गाळणं ही इज्जतीची गोष्ट झाली. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापतात ना, ते हेच. फक्त नाक त्यांचं नव्हतं, पाय माझा होता.

वर्ष उलटलं आणि माझ्या गुडघ्याला फोड आला. पेटत्या कोळशावर पाय ठेवावा तशी आग. जंत दिसला तेव्हा आत्याबाईंनी काडी आणली, रोज थोडा थोडा गुंडाळू लागल्या. वीतभर निघाला होता.

तेवढ्यात मामंजींकडे गावोगावचे मानकरी बसायला येणार असं ठरलं. ज्यांनी आपापल्या शिवेतून मास्तरला हाकललं होतं, तेच सगळे. त्यांच्यासमोर सुनेच्या पायाला काडी बांधलेली कशी दिसणार? मामंजींनी नारू काढणाऱ्या माणसाला बोलावलं. तो बिचारा म्हणत होता, "मालक, दमानं घ्यावं लागंल." मामंजी म्हणाले, "वढ म्हन्तो ना! एका दमात वढ."

त्यानं ओढला. आत काहीतरी तटकन तुटलं, ते मला ऐकू आलं. पाहुणे जेवून गेले. मी आतल्या खोलीत तापानं फणफणत पडले होते आणि बाहेर विडे लागत होते. गुडघा भोपळ्याएवढा झाला तेव्हा आमच्या ह्यांना कंठ फुटला. बापाला न विचारता त्यांनी गाडी जुंपली, एवढं त्यांच्या पदरात घालते.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी चिरा दिला, पू काढला. मग सल्फाच्या गोळ्या, जंतू मारणारं त्या वेळचं नवं औषध. रोज पट्टी बदलायची, रोज ताप बघायचा. "थांबा, बघू," एवढंच उत्तर मिळायचं. तुमच्यावर अशी वेळ आली तर सांगते, चिऱ्यापेक्षा हे थांबणं जास्त दुखतं. लोक म्हणतात, आजारपणात देव आठवतो. मला मामंजी आठवत होते. पाय गेला तर कुबडी घेऊन चावडीत जायचं आणि सगळ्यांसमोर त्यांचं पागोटं उडवायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. त्यानंच मला धीर होता.

अन् एका दुपारी उलटा मास्तर दवाखान्यात हजर! सोबत दोन चेले, खांद्यावर तेच उपरणं. नारूचे रोगी दाखवत फिरत होता. माझं गाव कळल्यावर चेल्यांना म्हणाला, "बघा, ह्या गावानं ऐकलं नाही. ज्याचा नारू, त्याचा दोष."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाचा दोष म्हन्ता?" मी उठून बसले. "आमच्या घरात पानी गाळत व्हते. तुम्ही यायच्या आधीपून! तुम्ही सासऱ्याच्या पागोट्यावर बोललात अन् त्यांनी फडकं जाळलं. पिनाऱ्यानं काय प्यावं ते बघावं म्हन्ता, मग बोलनाऱ्यानं काय बोलावं ते कुनी बघावं? उचलली जीभ, लावली टाळ्याला!"

"मी खरं तेच बोललो, बाई."

"हाव, खरं बोललात. टाळ्या तुम्ही घेतल्या, जिद्द त्यांनी केली. अन् पाय माझा चालला."

त्यानं चेल्यांना बाहेर जायला सांगितलं आणि खाटेजवळ खाली बसला. "गाळणं बंद झालं, हे मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"आता मी सांगितलं. मला तहान लागलीय. कोपऱ्यातल्या रांजनातलं पानी गाळून द्या. भाषन न करता."

त्यानं उपरणं काढलं, दुहेरी केलं, पाणी गाळून तांब्या माझ्या हातात दिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी पाणी प्याले आणि म्हणाले, "ह्ये उपरनं ऱ्हाऊ द्या माझ्याकडं." तो उघड्या खांद्यानं गेला.

पू उतरला, पाय वाचला. गुडघा मात्र कायमचा आखडला. डॉक्टरसाहेबांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि घरी फोड दिसला तर ओढू नका, दवाखान्यात जा, हे मी भेटेल त्याला सांगत आले.

घरी आले तेव्हा मामंजी ओसरीवर बसलेले. मी लंगडत आत गेले, रांजण घासला आणि त्यावर ते उपरणं ताणून बांधलं. लाल-हिरवा काठ बाहेरून दिसेल असा.

"ह्ये कुनाचं?" ते दारात येऊन म्हणाले.

"वळखलं न्हाई? चावडीत लई जवळून बघितलं व्हतं की तुम्ही."

"सोड ते!"

मी काही म्हणायच्या आत आत्याबाई रांजणासमोर उभ्या राहिल्या. जन्मात नवऱ्यापुढं न बोललेली बाई. "हात लावायचा न्हाई. तहान लागली तर ह्यातलं प्या, न्हाईतर बसा कोरडे."

चैत्राचं ऊन होतं. दिवस कलेपर्यंत मामंजी कोरडे बसले. मग तांब्या पुढं केला. मीच भरून दिला आणि शेवटच्या घोटापर्यंत समोर उभी राहिले.

उपरणं रोज धुऊन मी त्यांच्या डोळ्यांसमोरच वाळत घालायची. आमच्या घरात पुन्हा नारू झाला नाही. माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही केलं. पुढं कित्येक वर्षांनी ते अखेरच्या घटका मोजत होते तेव्हा सगळे म्हणाले, सूनबाई, तोंडात गंगाजळ घाल. मी घातलं. आधी त्याच उपरण्यातून गाळून घेतलं आणि काठ त्यांना दिसेल असा धरला.