घड्याळवाल्याचे मेसेज

गेल्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळात मी क्रेडिट कार्डांवर भाषण केलं. विषय माझाच. सचिवांना काहीतरी आध्यात्मिक हवं होतं, पण त्या आठवड्यात अध्यात्मावर आधीच तिघे बोलणार होते, म्हणून मला सूट मिळाली. निवृत्त प्राध्यापकाला ग्वाल्हेरात वर्षातून एकदा माईक मिळतो, आणि तो त्याचं काय करतो हे सहसा कुणी मनावर घेत नाही.

तयारी मात्र मी मन लावून केली. महिनाभर जो भेटेल त्याला विचारत होतो, तुमच्याकडे कुठलं कार्ड आहे आणि तेच का घेतलं. लोक पगार सांगत नाहीत, आजार सांगत नाहीत, पण कार्डाबद्दल उत्साहाने बोलतात. शिंदे की छावनीत आमच्या समोर एक गृहस्थ राहतात. त्यांचे पणजोबा फौजेत होते, आणि दर वेळी सांगताना त्यांचा हुद्दा एक पायरी वर सरकतो. त्यांचं कार्ड धातूचं आहे. काउंटरवर ठेवलं की आवाज होतो. त्याचे फायदे काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "हे मागून मिळत नाही. बँक बोलावणं पाठवते." दाल बाजारातला त्यांचा नेहमीचा व्यापारी कार्ड घेतच नाही, त्यामुळे तिथे ते सगळ्यांसारखेच मोबाइल पुढे करतात, पण कार्ड खिशात असतं.

मागच्या गल्लीतल्या तरुण जोडप्याकडे पाच कार्डं निघाली. प्रत्येक खरेदीच्या साइटला एक. सेलच्या दिवसांत त्यांना भोपाळपासून पुण्यापर्यंतच्या नातेवाइकांचे फोन येतात, तुमच्या अमुक कार्डावर दहा टक्के सूट आहे, जरा आमचा फ्रिज घेऊन द्या. एरवी दिवाळीलाही फोन न करणारे काका फ्रिजसाठी ख्यालीखुशाली विचारतात, असं त्यातल्या मुलीने सांगितलं. आणि बिर्लानगरमधला माझा जुना मित्र, जो तिथली कापडाची मिल बंद होईपर्यंत तिच्या ऑफिसात कारकून होता, त्याने कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक कार्ड काढून दाखवलं. कधीच न वापरलेलं. मग घेतलं कशाला?

"फुकट होतं," तो म्हणाला. "आणि ती मुलगी फोनवर तीनदा सर म्हणाली. मिल बंद झाल्यापासून मला कुणी सर म्हटलं नव्हतं."

भाषणात मी त्याचं पहिलं वाक्य घेतलं. दुसरं गाळलं, कारण त्याच्यावर कुणी हसलं नसतं. हे आज लिहिताना जसं दिसतंय तसं तेव्हा दिसलं नाही.

माझं स्वतःचं कार्ड प्लॅटिनम आहे. बँकेत लागलेला एक जुना विद्यार्थी घरी येऊन देऊन गेला. लोकांना मी सांगतो की पुस्तकांवर सूट मिळते म्हणून घेतलं. सूट मिळत नाही. त्याच खात्यावरचं एक जोडकार्ड मी बायकोला दिलं होतं. नाव तिचं, बिल माझं, आणि तिने कुठेही कार्ड लावलं की दुकानाचं नाव आणि रक्कम घेऊन मेसेज माझ्या फोनवर येणार. मी त्याला सोय म्हणत असे. ती बाजारातून परत येऊन पिशवी खाली ठेवायच्या आत मी विचारायचो, काय बाई, आज साडीवाल्याकडे साडेनऊशे? ती हसायची. मला वाटायचं, आमच्या घरात विनोद आहे.

भाषण रविवारी सकाळी अकराला होतं. सत्तरेक माणसं असावीत. बायको तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसली होती. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम हे सगळं दरबारातल्या खुर्च्यांच्या रांगांसारखं आहे, कोण किती जवळ बसतो एवढंच, असं मी म्हणालो, तेव्हा जुन्या घराण्यातले लोकही हसले. धातूच्या कार्डाचे आमचे समोरचे गृहस्थ सर्वांत मोठ्याने हसले. हे आपल्याबद्दल आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी रंगात आलो. कागदावर नव्हतं ते बोलायला लागलो. खिशातून फोन काढला आणि म्हणालो, आता एका सामान्य ग्राहकाचा अभ्यास करू. मग बायकोचे मेसेज वाचायला सुरुवात केली.

शिवणाच्या दुकानात पंचेचाळीस रुपये, लोणच्याच्या बरण्या, पुन्हा त्याच दुकानात पंचेचाळीस. हशा वाढत होता. मग मी आवाज खाली आणून, माझ्या वर्गात हमखास चालायचा तसा, म्हणालो, "आता एक गूढ. आमची मंडळी दर महिन्याला न चुकता एका घड्याळवाल्याकडे दोनशे चाळीस रुपये खर्च करतात. आणि आमच्या भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं सव्वाचारला उभं आहे."

सभागृह हसून कोसळलं. सचिव डोळे पुसत होते. माना वळून तिसऱ्या रांगेकडे गेल्या. तीही हसली, आणि हसताना तिने हात वर नेऊन कानावरचे केस सारखे केले. मी ते पाहिलं. मला वाटलं, सगळे बघताहेत म्हणून केस नीट करते आहे.

घरी येताना ई-रिक्षात मी बोलत होतो. कोण कुठे हसलं याचा हिशोब देत होतो. घरी आल्यावर तिने साडी न बदलता खाटेवर बसून केस मागे सारले, कानातून करंगळीच्या पेरापेक्षा लहान असं काहीतरी काढलं, नखाने त्याचं झाकण उघडलं आणि आतला पत्र्याच्या टिकलीएवढा सेल तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरला.

"हे मिळतात घड्याळवाल्याकडे," ती म्हणाली. "आज नवीन घालून गेले होते. म्हटलं, तुमचं भाषण आहे, एक शब्द सुटायला नको."

दहा महिने तिच्या कानात यंत्र होतं. दिवाळीआधी ती झाशीला बहिणीकडे गेली होती, तेव्हा तिथल्या डॉक्टरकडून स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून घेतलं होतं. दहा महिने मी त्याच घरात राहत होतो. टीव्हीचा आवाज कमी झाला होता हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी अनेकदा सांगितल्याचा तो परिणाम आहे, असं मी समजलो होतो.

लपवलं का, हे विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. तिने मंडळातल्या एका वयस्कर सभासदांची आठवण करून दिली. अध्यक्ष बोलायला उभे राहिले की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. त्यांची मी घरी नक्कल करतो. पाहुण्यांसमोरही करतो. चहाच्या चमच्याने करतो. तिने ती किती वेळा पाहिली होती ते तिने सांगितलं नाही.

मग कार्डाने का पैसे दिलेस, मी म्हणालो. रोख दिले असते तर मला कधी कळलंच नसतं.

तिने सेल परत बसवला, यंत्र कानात घातलं, आणि मग उत्तर दिलं. "मला वाटायचं, मेसेज जातोय, कधीतरी विचारतील, घड्याळवाल्याकडे तुझं काय काम. तुम्ही विचारलं नाहीत. वाचून दाखवलंत."

पानं वाढायची वेळ झाली होती. ती उठली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. त्याला सेल घालायला एक मिनिट लागतं, आणि ते काम दोन वर्षं माझं होतं.

पुढच्या महिन्यात ती म्हणाली, बँकेत चला, सही लागेल. तिच्या वडिलांनी तिच्या नावावर ठेवलेली एक मुदत ठेव होती. अशा ठेवीवर, पगार नसला तरी, कार्ड मिळतं हे तिने स्वतः शोधून काढलं होतं. माझी सही फक्त जोडकार्ड बंद करण्याच्या अर्जावर हवी होती. टेबलापलीकडच्या मुलीने तिच्यापुढे रंगीत पत्रकं मांडली. एकावर सिनेमाची तिकिटं, एकावर विमानतळावरचा लाउंज, एकावर पॉइंट. महिनाभर मी ज्याचा अभ्यास केला होता ते सगळं तिथे पसरलेलं होतं. बायकोने एकही पत्रक उचललं नाही. एवढंच विचारलं, "मेसेज किसके फोन पर आएगा?"

"आपके ही, आंटी जी. नंबर बोलिए."

सवयीने मी माझा नंबर सांगायला लागलो. पहिले तीन आकडे माझ्या तोंडून गेले. त्या मुलीचं पेन थांबलं, तिने आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि बायकोने सावकाश, शाळेत पाढे म्हणावेत तसा, स्वतःचा नंबर सांगितला. कार्ड सगळ्यांत साधं निघालं. त्याला धातूचं नावसुद्धा नाही.

आता माझा फोन शांत असतो. ती बाजारातून येते, पिशवी खाली ठेवते. काय आणलं हे विचारायचं माझ्या तोंडावर येतं, पण साधा प्रश्न कुठल्या आवाजात विचारतात ते मला अजून नीट जमत नाही. माझ्या प्रश्नाला शेपटीसारखा विनोद चिकटलेला असतो.

या श्रावणात सचिवांचा फोन आला. म्हणाले, सर, यंदाही तुम्ही हवेतच. नवीन काही नसलं तरी चालेल, ते घड्याळवालं पुन्हा करा, एकदम बढिया होतं, लोक अजून आठवण काढतात. बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी सांगितलं की घसा बसलाय, यंदा जमणार नाही. फोन ठेवला.

"तुमचा आवाज तर चांगला स्पष्ट ऐकू आला," ती आतून म्हणाली.

मी मग पुन्हा फोन लावला आणि सचिवांना म्हणालो, घशाचं खोटं सांगितलं. त्या घड्याळाच्या गोष्टीने मी माझ्या बायकोला चारचौघांत दुखावलं, ती गोष्ट मी पुन्हा करणार नाही, आणि कुणी काढली तर कृपा करून हसू नका.

पलीकडून सचिव मोठमोठ्याने हसले. म्हणाले, "सर, हेच! यावरच बोला."