ढमी तोंड उघडत नाही

खुर्च्यांच्या त्या कारखान्यात एकशे ऐंशी माणसं कामाला होती आणि त्या सगळ्यांना मिळून एकच मावशी होती. कॅन्टीनची मावशी. सव्वीस वर्षं तिथल्या शेगड्यांपुढे उभं राहून त्यांचे पाय सुजायला लागले होते, पण हाताची चव तसूभरही कमी झाली नव्हती. साधा भात आणि भाजी असली तरी माणसं बोटं चाटत उठायची.

मावशींची एक खोड होती. जेवणं झाली की त्या उष्टी ताटं परत घेण्याच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या आणि प्रत्येक ताट न्याहाळायच्या. "रंगकामवाल्याने आज अर्धा भात टाकला. घरी काहीतरी बिनसलंय त्याचं," असं त्या म्हणायच्या, आणि दोन दिवसांनी कळायचं की खरंच बायको रुसून बहिणीकडे गेली होती. ताट रिकामं आलं की मावशींचा दिवस चांगला जायचा. दुसऱ्या कशाची त्यांना फारशी अपेक्षाच नव्हती.

अशा बाईच्या घरात ढमी जन्माला आली.

ढमी म्हणजे त्यांच्या लेकीची लेक. लेक चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. जावई मालट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस रस्त्यावरच. त्यामुळे बाळंतपणापासून लेक आईकडेच होती, इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. बाळ जन्मतःच गुबगुबीत होतं, म्हणून जावयाने तिला ढमी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. आईच्या दुधावर ढमी अशी काही बाळसं धरत गेली की मनगटाला दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडल्या.

सहा महिने झाले तसं मावशींनी बाह्या सरसावल्या. नवी वाटी आणली, नवा चमचा आणला. तांदळाची लापशी केली. ढमीने चमचा पाहिला, आजीकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या दिवशी गाजर शिजवून गाळून घेतलं, तिसऱ्या दिवशी केळं कुस्करलं, मग बटाटा, मग सफरचंद वाफवून. ढमीचं आपलं एकच. मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि शेवटी आईच्या पदराला हात.

"एकशे ऐंशी माणसं जेवू घालते मी," मावशी शेजारणीला म्हणाल्या, "आणि या एवढ्याशा पोरीने माझ्या नाकी नऊ आणले."

शेजारीण म्हणाली, साखर घाला. इस्त्रीवाला म्हणाला, दूध बंद करा, भूक लागली की झक मारत खाईल. जावयाने फोनवरून सांगितलं, "चमचा म्हणजे ट्रक आहे असं करा, घुर्र करत न्या." मावशींनी घुर्र केलं. ढमी खदखदून हसली, तोंड उघडलं, आणि चमचा जवळ येताच पुन्हा मिटलं. तिला ट्रक आवडला होता, त्यातला माल नको होता.

आठवा महिना लागला. लेकीची रजा संपत आली, आणि मावशींचा धीर सुटला. एका सकाळी त्यांनी ढमीला मांडीवर आडवं घेतलं, दोन्ही हात आपल्या काखेत दाबले आणि हसण्यासाठी तोंड उघडल्याची संधी साधून चमचाभर लापशी आत सारली. ढमीला ठसका लागला. मग उबळ आली, आणि लापशीबरोबर सकाळचं सगळं दूध मावशींच्या साडीवर आलं. पोर रडून लालबुंद झाली. त्या दिवसापासून तिला नुसता चमचा दिसला तरी ती भोकाड पसरायला लागली.

लेक आतल्या खोलीतून धावत आली होती. तिने बाळाला उचललं, शांत केलं आणि मग आईकडे वळली.

"तिला परत असं भरवायचं नाही, आई."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच करतेय. तू कामावर गेल्यावर हिने काय हवा खायची? तुलाही मी असंच वाढवलं. नाक दाबलं की तू कशी मुकाट्याने गिळायचीस!"

"हो. आणि म्हणून मला अजून लापशीचा वास सहन होत नाही."

मावशी साडीवरचं दूध पुसायला लागल्या. मग म्हणाल्या, "पण तू ताट तर कधी टाकलं नाहीस."

"तू समोर उभी असायचीस ना," लेक म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मावशींना जास्त लागलं. त्या साडी बदलायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

दोन दिवसांनी दोघी ढमीला घेऊन बाळांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या सिस्टरने तिला काट्यावर बसवलं, वजन पाहिलं, वळ्या पाहिल्या आणि हसली. "हिला उपाशी कोण म्हणतंय?"

"दुधाशिवाय कशाला तोंड लावत नाही हो," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही भरवता कसं?"

"प्रेमाने," मावशी म्हणाल्या.

"प्रेमाने," लेक म्हणाली, "पण दोन्ही हात धरून."

सिस्टर रागावली नाही. खुर्ची पुढे ओढून तिने समजावून सांगितलं. आठवडाभर चमचा कपाटात ठेवा. दूध चालूच राहू दे, भुकेलं बाळ नुसतं रडतं, शिकत नाही. दूध पिऊन तासभर झाला की, झोपेला आलेली नसताना, तिला आपल्याबरोबर ताठ बसवा, पायाखाली आधार द्या. तुम्ही तुमचं जेवा. तिच्यापुढे मऊ शिजलेलं काहीतरी ठेवा, बोटांनी चिरडेल इतकं मऊ. चिवडू दे, अंगाला फासू दे. मान फिरवली की ताट उचलायचं.

"आणि मग?" मावशींनी विचारलं.

"मग काही नाही. पुन्हा पुढच्या जेवणाला. एकच भाजी दहा-पंधरा वेळा समोर आली की मग कुठे बाळाचा तिच्यावर विश्वास बसतो."

"आणि नाहीच खाल्लं तर?"

"मागे लागायचं नाही, पण सोडूनही द्यायचं नाही. या वयात नुसत्या दुधातून पुरेसं लोह मिळत नाही, म्हणून डाळ, अंडं हे समोर येत राहिलं पाहिजे. मीठ, साखर वर्षाची होईपर्यंत नको. तिला खाताना एकटं सोडू नका. उबळ आली, खोकली तर घाबरू नका, आवाज येतोय म्हणजे ती स्वतःच सांभाळतेय. आवाजच बंद झाला तर मात्र क्षणभरही थांबायचं नाही." आणि आवाज बंद झाला तर काय करायचं, तेही तिने एका बाहुलीला हातावर पालथं घालून, पाठीत थापट्या मारून दोघींना दाखवलं.

मावशींना सगळं पटलं. जमायचं मात्र जिवावर आलं. नातीपुढे गाजराचा तुकडा ठेवायचा आणि आपण हात मांडीवर घेऊन बसायचं, ही त्यांना शिक्षाच वाटली. पण कारखान्यात बातमी पोचली होती. सुतारखात्यातल्या दोघांनी उरल्यासुरल्या लाकडातून ढमीसाठी उंच खुर्ची करून दिली, पाय ठेवायला फळी, कडा घासून गुळगुळीत. ढमी त्या खुर्चीत मंत्र्यासारखी बसायची. गाजर तिने दाबून पाहिलं, केसांना लावलं, खाली टाकलं आणि ते पडतं कसं हे वाकून पाहिलं. तोंडात मात्र काही गेलं नाही. पण आता रडत नव्हती, एवढंच.

लेक कामावर जायला लागली, सुरुवातीला अर्धा दिवस. मावशींनी आठवड्याची रजा टाकली. तिसऱ्याच दिवशी सकाळी कॅन्टीनच्या मॅनेजरचा फोन आला. हाताखालच्या दोघी बायका एकदम तापाने पडल्या होत्या.

"मावशी, काहीही करा, पण या. बाळाला घेऊन या. मी स्वतः सांभाळतो तिला."

मग ढमी कडेवर, तिची खुर्ची इस्त्रीवाल्याच्या सायकलवर, अशी वरात कारखान्यात पोचली. खुर्ची जेवणाच्या हॉलमध्ये, शेगड्यांपासून लांब, पण वाढपाच्या खिडकीतून मावशींना दिसेल अशी मांडली. मॅनेजरने दहा मिनिटं सांभाळलं, मग कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला. तेवढ्यात वॉचमनकाका जेवायला आले.

वॉचमनकाका कारखान्याच्या फाटकावर असायचे. दुपारी सगळे जेवायला सुटले की फाटक सांभाळायला माणूस हवा, म्हणून ते अकरालाच येऊन एकटे जेवायचे. मावशींचं आणि त्यांचं फारसं पटायचं नाही. कारण असं की काका जेवायला बसले की आधी कवळी काढून डबीत ठेवायचे. ती त्यांना टोचायची, ते ती नुसती ड्यूटीपुरती घालायचे. आणि मग भात, भाजी, डाळ, जे असेल ते सगळं बोटांनी कुस्करून त्याचा एक गोळा करायचे. इतक्या निगुतीने केलेल्या जेवणाचा हा चिखल मावशींना बघवायचा नाही.

"काका, तिच्यावर जरा लक्ष ठेवा," मावशी खिडकीतून ओरडल्या.

"ठेवलं," काका म्हणाले, आणि ढमीच्या समोर बसून त्यांनी कवळी काढली.

ढमी टक लावून पाहायला लागली. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडातून दात बाहेर आले होते आणि आत तिच्यासारखंच बोळकं होतं. काकांनी भोपळा बोटांनी कुस्करला, घास घेतला आणि हिरड्यांनी चघळायला लागले. गाल आत जायचे, हनुवटी नाकाला भेटायची. ढमीचीही हनुवटी हलायला लागली.

"काय बघतेस गं?" काका म्हणाले. "आपण दोघं एकाच खात्यातले."

ढमी पुढे वाकली आणि तिने काकांच्या ताटात सरळ हात घातला.

"मावशी! हिने माझ्या ताटावर धाड घातली!"

मावशी डाव हातात घेऊन धावतच बाहेर आल्या. "थांबा! त्यात मीठ आहे!" त्यांनी ढमीची मूठ पुसली, ढमीने निषेधाची आरोळी ठोकली. मावशी तशाच आत पळाल्या. मीठ घालायच्या आधीचा भोपळा दुसऱ्या पातेल्यात नुकताच शिजला होता. त्यातल्या दोन फोडी ताटलीत घेऊन, फुंकून, आपल्या मनगटावर टेकवून पाहून त्यांनी खुर्चीपुढे ठेवल्या. आणि हात कमरेमागे बांधले.

काकांनी घास घेतला. ढमीने फोड मुठीत धरली, तिचा निम्मा भाग बोटांच्या फटींतून बाहेर आला, आणि मूठ तोंडात गेली. तिने तोंड वाकडं केलं. उबळ आली. खोकली. मावशींचा जीव वर आला, पण खोकल्याचा आवाज येत होता, म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत. ढमीने थुंकल्यासारखं केलं, विचार केला, आणि मूठ पुन्हा तोंडात घातली. हनुवटी वरखाली झाली. घशाखाली काहीतरी गेलं.

"गिळलं," काका म्हणाले.

"दिसतंय मला," मावशी म्हणाल्या. आतून डाळ लागल्याचा वास आला तेव्हा त्या भानावर आल्या. त्या दिवशी एकशे ऐंशी माणसांनी करपट डाळ खाल्ली आणि कोणी चकार शब्द काढला नाही, कारण काकांनी फाटकावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बातमी सांगितली होती.

संध्याकाळी लेकीला सांगताना मावशींनी तीच हनुवटी करून दाखवली. लेक हसून हसून खाली बसली. मग मावशी म्हणाल्या, "तुझं नाक दाबायला नको होतं गं मी." लेक आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली, तेवढ्यात ढमीने दोघींच्या मध्ये शिरून आपला नेहमीचा हक्क बजावला आणि दूध प्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी ढमीने भोपळा नुसता भिंतीवर फेकला. तिसऱ्या दिवशीही. मावशींनी ताट उचललं आणि भिंत पुसली. चौथ्या दिवशी अंड्याचा बलक पोटात गेला, पुढच्या आठवड्यात कुस्करलेली डाळ. महिन्याभराने तिने चमचाही पकडला, पण स्वतःच्या हाताने, आणि उलटा. हिरव्या वाटाण्यावर तिचा राग कायम राहिला. आईचं दूध सकाळ-संध्याकाळ चालूच होतं.

दहाव्या महिन्यात पुन्हा दवाखान्यात गेल्या तेव्हा शेजारच्या बाकावर एक तरुण आई बसली होती, डोळ्यांखाली काळं, मांडीवर सात महिन्यांचा मुलगा.

"काही खातच नाही हो हा," ती म्हणाली. "मी काय करू?"

मावशी सरसावून बसल्या. "बाळ आधाराने ताठ बसतं का? बरं. आणि तुमच्या घरात कोणी बिनदातांचं माणूस आहे?"

ती बाई गोंधळली. लेकीने कपाळावर हात मारला. मग मावशींनी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, साडीवर आलेल्या दुधापासून, स्वतःची चूक न लपवता. आतून ढमीच्या नंबराचा तीनदा पुकारा झाला, पण गोष्ट अजून भोपळ्यापर्यंत पोचायची होती, म्हणून शेवटी लेकच ढमीला उचलून आत गेली.