नानांचा समुद्र, अक्कांवरचा आळ

आमचे शेजारी नाना सकाळी चहाच्या आधी समुद्र चाखत. जळगावात, स्टेशनामागच्या आमच्या गल्लीत. खिडकीपाशी काचेची मोठी टाकी होती. तिच्यात करंगळी बुडवून ते जिभेला लावत आणि डोळे मिटून घेत. ‘ठीक आहे’ हे शब्द आले की त्यांच्या पत्नी, अक्का, स्टोव्ह पेटवत. ते शब्द आले नाहीत तर चहा लांबे.

नाना रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. मुंबईहून येणारे ओळखीचे गार्ड त्यांच्यासाठी काचेच्या बुधल्यांतून समुद्राचं पाणी आणत. तसेच एकदा ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन दगड आले. त्यांच्यावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवी फुलं उमलत आणि सावली पडली की मिटत. “फुलं नाहीत, जीव आहेत ते,” असं नाना प्रत्येक पाहुण्याला बजावत. टाकीत काळ्या पट्ट्यांचे मासेही होते, पण नानांचा जीव त्या दगडांत अडकलेला.

पाण्याचा खारटपणा ते दुधाच्या लॅक्टोमीटरने मोजत. दूधवाला दारातूनच चिडवी, “समुद्रले भरती उनी का, नाना?”

“नाही अजून. तू दूध घेऊन आत ये, त्यातली भरती मोजतो,” नाना म्हणत. दूधवाला काही आत येत नसे.

उन्हाळा आला की मात्र नानांचा विनोद आटे. टाकीला ओली गोणपाटं, घरातला एकुलता पंखा टाकीवर. वीज गेली की भरून ठेवलेल्या ट्रकच्या ट्यूबमधली हवा बारीक नळीने पाण्यात सोडायची. बुडबुडे थांबले तर? पाणी तापलं तर? जेवतानाही त्यांचे कान टाकीकडे असत. अक्का पदराने वारा घेत म्हणत, “पुढच्या जन्मी मी मासाच होते. पंखा तरी लाभेल.”

नानांचा एक नियम कडक होता. पाणी आटलं तर खारं घालायचं नाही, कारण मीठ मागेच राहतं. गोडं पाणी घालायचं, तेही मातीच्या माठातलं. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने ती फुलं मरतात, असं त्यांना मुंबईच्या एका जाणकाराने सांगितलं होतं. म्हणून अक्कांचा माहेरचा तांब्याचा हंडा माळ्यावर गेला होता. तो वर चढवताना अक्का म्हणाल्या होत्या, “समुद्र आणलात, आता माहेर घालवा.” हे वाक्य साऱ्या गल्लीने ऐकलं होतं.

एका मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी नाना धुळ्याला गेले. अक्का घरीच राहिल्या. टाकीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. दुपारी अक्का आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी ट्यूबमध्ये हवा भरून परत आलो, तर माझी आई टाकीवर वाकलेली. हातात आमच्या देवघरातला तांब्याचा हंडा, सकाळीच चिंचेने घासलेला. तो रिकामा झाला होता.

“कितलं पानी आटी गयं व्हतं रे,” ती म्हणाली. “त्यासना माठबी कोरडा शे. देवना हंडानं पानी शे, चांगलं.”

तिला नियम ठाऊक नव्हता. मला होता. टाकीतलं पाणी बदलावं तर समुद्राच्या पाण्याच्या बुधल्या रिकाम्या होत्या. मी नुसता काचेला नाक लावून बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत फुलं मिटली, ती पुन्हा उघडली नाहीत.

नाना परतले. मासे फिरत होते, दगडांवर मात्र पांढरी बुळबुळीत साय. “तांबं,” एवढंच ते पुटपुटले आणि त्यांनी माळ्याकडे पाहिलं. मग अक्कांकडे. मी दारात उभा होतो. आई खजील होईल, म्हणून गप्प राहिलो. गल्लीने निकाल लावून टाकला: नवऱ्याच्या नादाला वैतागून अक्कांनी ती फुलं मारली. त्या गल्लीतली जी माणसं अजून आहेत त्यांना सांगतो, अक्कांनी त्या पाण्याला हात लावला नव्हता.

नाना अक्कांना कधी टाकून बोलले नाहीत. फक्त सकाळचं ‘ठीक आहे’ बंद झालं. चहा केव्हा ठेवायचा, ते अक्का आपल्या आपण ठरवू लागल्या.

निवृत्तीनंतर ते दोघं धुळ्याला मुलाकडे गेले. अक्का तिथेच वारल्या. पुढे माझी आईही गेली, तेव्हा कुठे मी धुळ्याची एस.टी. पकडली आणि नानांना सगळं सांगितलं.



“तिने एकदाच विचारलं होतं,” ते म्हणाले. “‘मी केलं असं वाटतं का तुम्हाला?’ मी गोणपाट भिजवत होतो. भिजवतच राहिलो.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी उठलो. दारी आलेल्या माणसाला नाना कधी उपाशी जाऊ देत नसत. त्या दिवशी त्यांनी मला थांब म्हटलं नाही.