अक्रोड, जपानी आणि मेंढीकोट

माझ्या सासूबाई शेवटच्या काळात आपल्या एकुलत्या एका मुलाला पोस्टमन समजायच्या. हे ऑफिसातून आले की त्या अदबीने विचारत, "आमचं काही आहे का?" हे "नाही" म्हणत आणि चपला काढून आत येत. तेव्हापासून ह्यांना एकच धास्ती: आपलंही असंच होणार. मला त्याहून मोठी धास्ती होती. उद्या मला हे कोण समजणार, याची.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी मेंदू वाचवायची मोहीमच उघडली. सल्लागार अर्थातच मोबाइल. भिजवलेले अक्रोड आले, साखर गेली, सकाळी झपाझप चालणं आलं. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती. मग कोणीतरी पाठवलं, की डाव्या हाताने दात घासावेत. महिनाभर पेस्ट दातांपेक्षा मिशांना जास्त लागली. सुडोकू झाले. मग फोनवरून जपानी सुरू झालं. आता ह्यांना जपानीत चहा मागता येतो; पण डोंबिवलीतल्या आमच्या घरात चहा मी करते आणि मला जपानी येत नाही.

या मोहिमेत एका गोष्टीचा बळी गेला. ठाकुर्लीला एका मित्राकडे दर रविवारी मेंढीकोटचा डाव बसायचा. दोघं-दोघं जोडीने, दश्श्या गोळा करायच्या, आरडाओरडा आणि भांडणं फुकट. वर्षानुवर्षं चाललेला हा डाव ह्यांनी अचानक सोडला. पत्ते म्हणजे वेळेचा अपव्यय, असं मला सांगण्यात आलं. मित्रांचे फोन आले, हे सुडोकूत मान घालून बसले. मित्रांनी हळूहळू फोन करणं बंद केलं. मेंदू सुरक्षित राहावा म्हणून माणसं घराबाहेर ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा ठाण्याला, वर्तकनगरच्या डॉक्टरीणबाईंकडे रक्तदाब दाखवायला गेलो. त्या प्रश्न ह्यांना विचारत होत्या आणि उत्तरं मी देत होते, वकीलपत्र घेतल्यासारखी. त्यांनी मला गप्प बसवलं आणि खाली पाहून, हळू आवाजात ह्यांना काहीतरी विचारलं. हे माझ्याकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, चालणं चांगलंच आहे, रक्तदाब सांभाळा, पण आधी कान तपासा. ऐकू येत नसलं की माणूस चारचौघांतून उठतो, आणि ते मेंदूच्या हिताचं नाही. कानाचं मशीन लावलं की विसरण्याचा आजार होणारच नाही, अशी हमी त्यांनी दिली नाही; धोका कमी व्हायला मदत होऊ शकते, एवढंच म्हणाल्या.

तपासणी झाली, कान दोषी ठरले. पण मशीन? चष्म्याने माणूस विद्वान दिसतो, कानातल्या मशीनने म्हातारा. घरी आल्यावर मी चिडून, अर्थात ओरडूनच, विचारलं, की मिशीला पेस्ट लावताना लाज वाटत नाही, मग यातच कसली?

ह्यांनी सुडोकूचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "पत्ते मी वेळेसाठी नाही सोडले. हुकूम कुठला, तेच मला आठवेनासं झालं होतं. दोनदा जोडीदाराची दश्शी घालवली. मला वाटलं, आईचं सुरू झालं."

मला हसावं की रडावं कळेना. त्या गोंगाटात हुकूम ह्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हता. जे ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? आणि हा माणूस एवढे दिवस एकटाच घाबरून अक्रोड खात होता.

मी हे समोर बसून, सावकाश सांगितलं. पुढच्या आठवड्यात मशीन आलं. रविवारी हे ठाकुर्लीला गेले आणि सपाटून हरून आले. जोडीदार कसा गाढव आहे, याचं रसभरीत वर्णन करत बाहेरच्या खोलीत बसले. मी भाजी फोडणीला टाकता टाकता स्वतःशीच पुटपुटले, "दोन दाढा नव्या, डोळे नवे, आता कानही नवे. अक्कल तेवढी बसवून घ्यायची राहिली."

बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "ती तुझ्याकडे आहे ना, मग दोन कशाला?"

मी गॅस बारीक केला आणि ओटा धरून रडले. कितीतरी वर्षांनी मला न ओरडता उत्तर मिळालं होतं.